पक्षकार म्हणून शिकव

अगं, तुझं टाचण मिळालं. 'न्यायव्यवस्था आणि आदिवासी' या घटकाला चार तास ठेवलेस हे फार चांगलं केलंस. पोर्शनच्या घाईत बहुतेक जण तो एका तासात उरकून मोकळे होतात. पण मी पहिल्याच ओळीला अडखळले. वर ठळक अक्षरात 'आदिवासींच्या समस्या' आणि खाली कारणे, परिणाम, उपाय, शासकीय योजना. पेपरच्या दृष्टीने बिनचूक आहे. मुलं पाठ करतील, गुण मिळवतील आणि सुट्टी लागताच विसरतील.

पण तुझा अकरावीचा वर्ग डोळ्यांपुढे आण. निम्मी मुलं वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी घरांतली. तू फळ्यावर 'समस्या' लिहिलंस की उरलेली निम्मी माना वळवून त्यांच्याकडे बघणार. त्या एका बघण्यातून जे शिकवलं जाईल ते तुला नंतर चार तासांत पुसता यायचं नाही. म्हणून मोठेपणाचा हक्क बजावून सांगते, ते शीर्षक खोड. कोर्टात दाद मागायला उभा राहतो त्याला पक्षकार म्हणतात. त्याला नाव असतं, त्याची मागणी असते, पुरावा असतो आणि समोरच्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आदिवासींना या जागेवर ठेवून शिकव. मग मुलं आपसूक वेगळे प्रश्न विचारायला लागतात. यांनी काय मागितलं? कोणत्या कायद्याने मागितलं? आणि व्यवस्थेने काय उत्तर दिलं? सगळा घटक या तीन प्रश्नांवर उभा करता येतो.

सुरुवात वारली चित्रं आणि तारपा नाच यांनी करू नकोस. ते स्नेहसंमेलनात शोभतं, आणि वर्षभर पुरेसं होतं. सुरुवात कर १८७८ च्या वनकायद्यापासून. इंग्रजांनी जंगलाला 'राखीव' म्हटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राब जाळणारा, गुरं चारणारा, मध-डिंक गोळा करणारा माणूस आपल्याच रानात घुसखोर ठरला. त्याने काही केलं नव्हतं. कायदा बदलला, एवढंच. जमिनीचंही तसंच. सावकाराकडे कागद होता आणि कसणाऱ्याकडे कागद नव्हता. कोर्ट कागद बघत होतं. मुलांना हे नीट उमगू दे, की अन्याय कायदा मोडल्यानेच होतो असं नाही, कित्येकदा तो कायदा पाळूनही झालेला आहे. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

त्याच तासात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घे. काही जमातींत जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार, त्याने ठाण्यावर हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आपल्याकडे सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून त्या जमाती 'विमुक्त'. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाची जुनी सवय नव्या नावाने चालू राहिली. किती काळ? ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधलं जातीनुसार कामाचं वाटप घटनाबाह्य ठरवलं आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. याचिका सुकन्या शांता या पत्रकाराची होती. १८७१ ते २०२४, हा पट्टा फळ्यावर आडवा काढ. मुलं स्वतःच वजाबाकी करतील.

इथे एक सावधगिरी. सगळे भटके-विमुक्त हे अनुसूचित जमातीत नाहीत. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कैकाडी, वडार यांच्यासारख्या कितीतरी जमाती वेगळ्या प्रवर्गात आहेत. तू सरसकट बोललीस तर वर्गातलाच एखादा मुलगा तुला दुरुस्त करेल. तो करतो तेव्हा त्याला शाबासकी दे, पण तुझी तयारी आधी असू दे.

दुसरा तास संविधानाचा. कलम २४४ आणि पाचवी अनुसूची तू लिहिलीच आहेस. त्याआधी मुलांना जयपालसिंह मुंडा सांग. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं तेव्हाचा कर्णधार, आणि १९४६ च्या डिसेंबरात संविधान सभेत आदिवासींच्या वतीने उभा राहिलेला माणूस. लोकशाही आदिवासींना कोणी शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, असं त्यांनी त्या सभेत ठणकावलं होतं. संविधान कोणी तरी दया म्हणून दिलं असं मुलांना वाटत असेल, तर या एका माणसाने ते वाटणं जातं.

मग पाचवी अनुसूची घरापर्यंत आण. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांमध्ये अनुसूचित क्षेत्रं आहेत. ठाणे, पालघर, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली. नकाशा लाव आणि विचार, आपला जव्हार तालुका कुठे आहे? पुस्तकातली अनुसूची आपल्या पायाखाली आहे हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो बघण्यासारखा असतो.

याच तासाला कोणीतरी विचारणारच, 'मॅडम, त्यांच्यासाठीच वेगळे कायदे का? आम्ही पण गरीब आहोत.' प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नकोस. त्याच्या घरीही ओढाताण असेल आणि त्याने हे जेवताना घरी ऐकलेलं असेल. त्याला जमीन महसूल संहितेतलं कलम ३६-अ दाखव. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जात नाही. हे कलम कशासाठी आलं? कर्जापोटी, दारूपोटी, अंगठ्यापोटी जमिनी गेल्या होत्या म्हणून. त्या परत देण्यासाठी १९७४ मध्ये महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे आधी तोटा झाला आणि मग कायदा आला. क्रम उलटा सांगितला की सवलत वाटते. क्रम बरोबर सांगितला की भरपाई कळते. तरीही त्याचं गरिबीचं म्हणणं खोटं नाही, हे त्याला वर्गासमोर सांग. त्याचा प्रश्न मान्य केलास तर तो तुझं उत्तर ऐकेल.

आता खटले. तुझ्या टाचणात नऊ खटल्यांची यादी आहे. सात काढून टाक. दोन घे, पण तळापासून वरपर्यंत चढव. ठाणं, खालचं कोर्ट, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. न्यायालयांची उतरंड पाठ करायला लावण्यापेक्षा एका माणसाबरोबर ती चढायला लाव.

पहिला खटला मी सुचवते तो आपल्याच राज्यातला. १९९४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका गावात भिल्ल समाजातल्या एका तरुणीला मारहाण करून, विवस्त्र करून गावातून फिरवलं गेलं. खालच्या कोर्टाने भारतीय दंड विधानाबरोबर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटीच्या आरोपातून सुटका केली. कारणं बघ. जातीचा दाखला दाखल नव्हता, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि ५ जानेवारी २०११ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं की ही तांत्रिक कारणं आहेत, एवढ्यावर सुटका व्हायला नको होती. पण त्या भागाविरुद्ध सरकारने अपीलच केलेलं नाही, त्यामुळे आता हात घालता येत नाही. मिळालेली शिक्षाही अपुरी आहे, असंही न्यायालयाने बोलून दाखवलं. त्याच निकालपत्रात आदिवासी हे या देशाच्या मूळ रहिवाशांचे वंशज असावेत अशी चर्चा आहे आणि एकलव्याच्या अंगठ्याचाही उल्लेख आहे.

हे वाचल्यावर वर्गाला विचार, न्याय कुठल्या पायरीवर अडखळला? कोणी म्हणेल, पोलिसांकडे. कोणी म्हणेल, अपील न करणाऱ्या सरकारकडे. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक आदिवासी मुलाने जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी हेलपाटे घातलेले आहेत. तो दाखला कॉलेजच्या प्रवेशाला लागतो हे त्यांना ठाऊक असतं. त्या कागदाच्या अभावी ॲट्रॉसिटीचा आरोप गळून पडू शकतो हे त्यांना पहिल्यांदा कळेल. आणि १९९४ ते २०११ मध्ये किती वर्षं गेली तेही मोजू दे.

दुसरा खटला जालना जिल्ह्यातला, जून २००३ चा. भोकरदनजवळच्या एका वस्तीवर दरोडा, खून, बलात्कार. गुन्हा भयंकर होता. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या फोटोंमधून आधी वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई आणि चुकीचा तपास करणाऱ्यांवर कारवाईचे आदेश झाले. सोळा वर्षं तुरुंगात गेलेली. न्यायालयाने निकालात त्यांच्या भटक्या जमातीचा आणि गरिबीचा उल्लेख केला आहे. १८७१ चा पट्टा फळ्यावर अजून असेल तर त्यावर २००३ आणि २०१९ ही दोन सालं मांड. वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

या खटल्यात एक गोष्ट ठासून सांग. ज्या कुटुंबावर तो घाला पडला त्यांनाही न्याय मिळालेला नाही. चुकीची माणसं धरली की दोन्हीकडच्यांचं नुकसान होतं. पोरं पटकन बाजू घेऊन मोकळी होतात, त्यांना इथे थोडं थांबव.

देसाईगंजचा १९७२ चा खटला तू यादीत पहिला ठेवलायस. पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा. तो घ्यायचा असेल तर बारावीला घे, आणि आदल्या दिवशी वर्गाला कल्पना देऊन घे. ज्याला बसायचं नसेल त्याला न बसण्याची मुभा असू दे, कारण विचारू नकोस. घटनेचं वर्णन दोन वाक्यांत संपव आणि पुढच्या गोष्टीवर वेळ दे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत अशा धर्तीच्या युक्तिवादावर. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं, तर संमती नव्हती असंच कोर्टाने धरून चालायचं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. म्हणून तिचं नाव तू फळ्यावर लिहू नकोस, पुस्तकांतून आलं असलं तरी. न्यायालयाचा मान राखून निकालावर टीका करता येते, आणि शिक्षकांच्या एका पत्राने कायदा हलू शकतो, हे त्या तासातून मुलांनी घेऊन जावं.

'जय भीम' सिनेमा तुझ्या वर्गातल्या बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेला असणार. त्याचा उपयोग कर, पण त्यातला वकील हिरो आहे तिथे अडकू नकोस. सिनेमा १९९३ च्या एका खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे, खरं कुटुंब सिनेमातल्यासारखं इरुलर नव्हे तर कुरवर समाजातलं होतं, आणि वकील होते के. चंद्रू, जे पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुलांना विचार, 'याचिका कोणाच्या नावाची होती?' क्षणभर सगळे गप्प होतात. याचिका बेपत्ता नवऱ्याला शोधणाऱ्या बाईची होती. वकील तिच्या वतीने बोलत होता. हेबियस कॉर्पस म्हणजे काय ते या प्रश्नातून शिकव, व्याख्येतून नको.

नुसते पराभव सांगितलेस तर मुलं एवढंच शिकतील की कोर्टात जाण्यात अर्थ नाही. तेही खरं नाही. तिसऱ्या तासाला वनहक्क कायदा घे. २००६ चा हा कायदा आपल्या प्रस्तावनेतच मान्य करतो की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतःच्या कायद्यात आपलीच चूक लिहून ठेवावी, असं फार थोड्या वेळा होतं. पण माझी आवडती गोष्ट त्याच्या नियमांमध्ये आहे. पुरावा म्हणून काय चालतं? गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं सांगणं चालतं. जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवाची जागा, वंशावळ, सगळं चालतं. पहिल्या तासाला मुलांनी पाहिलेलं असतं की कोर्ट फक्त कागद बघत होतं. इथे पहिल्यांदा आजोबांच्या शब्दाला कागदाचं वजन आलं.

यावर एक गृहपाठ दे. प्रत्येक गटाने एका काल्पनिक गावाचा दावा तयार करायचा. पुराव्याची यादी, नकाशा, ग्रामसभेचा ठराव. मग दुसऱ्या गटाने उपविभागीय समिती व्हायचं आणि तो तपासायचा. नाकारायचा असेल तर लेखी कारण द्यायचं, कारण नियमांत तसंच आहे. कारण लिहिताना मुलांना कळतं की 'पुरावा अपुरा' हे दोन शब्द किती स्वस्त आहेत.

गडचिरोलीचं मेंढा-लेखा सांग. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखातं सोडेना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत दोन वर्षांचं अंतर, हे मुलांच्या वहीत उतरू दे.

ओडिशातलं नियमगिरीही घे. डोंगरिया कोंध ज्या डोंगराला देव मानतात तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्णय ग्रामसभांनी घ्यावा, आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी तिथे निरीक्षक असावा. त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा 'नको' म्हणाल्या. खाण झाली नाही. आणि हेही सांग, की याच सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला वनहक्काचे दावे नाकारलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, तो स्वतःच स्थगित केला. तुझ्या वर्गातल्या काही घरांना ते पंधरा दिवस चांगले आठवत असतील. न्यायालय एका सुरात बोलत नाही. ते ऐकतं, चुकतं, कधी मागे येतं. आणि मागे येतं तेव्हा बहुधा कोणीतरी दार ठोठावलेलं असतं.

एक अवघड वळण तुझ्या टाचणात नाही, ते घाल. गावाचा स्वतःचा न्याय. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याचा अधिकार मान्य करतो. हे मोठं आहे. पण गावाचा न्याय म्हणजे सगळं गोड, असं सांगू नकोस. दंड, वाळीत टाकणं, बाईला बोलू न देणं हेही गावोगाव घडतं, सगळ्याच जातींत घडतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला तो उगाच नाही. आणि मुली विचारतील ते आधीच वाचून ठेव. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा रूढीवर टांगलेला राहतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यावर विचार करायला सांगितलं, आणि जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. वर्गातल्या मुली या तासाला डोळे वर करून ऐकतील, बघशील.

आता वर्गातल्या वागण्याचं थोडं. 'तुमच्यात काय पद्धत असते गं?' असं कुठल्याही मुलीला उभं करून विचारू नकोस. ती तुझी विद्यार्थिनी आहे, जमातीची प्रवक्ती नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, तेव्हा मात्र तास बाजूला ठेवून ऐक. अभिरूप न्यायालय भरवशील तेव्हा भूमिका चिठ्ठ्या टाकून दे. नाही तर सवयीने वाण्याचा मुलगा न्यायाधीश होतो आणि कातकऱ्याचा आरोपी, आणि कोणाला त्यात काही खटकतही नाही.

भाषेचा विषय काढ. आरोपीला कळत नसलेल्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असं फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो. मग विचार, 'गडचिरोलीच्या कोर्टात माडिया बोलणाऱ्या आजीचं काय होत असेल?' संथाळी आणि बोडो २००३ मध्ये आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी अजून बाहेर आहे. तुझ्या वर्गात वारली आणि मराठी दोन्ही सफाईने बोलणारी मुलं आहेत. दुभाषी हे कोर्टातलं खरं काम आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तू सांग.

आकड्यांसाठी तयार तक्ते देऊ नकोस. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जमाती ८.६ टक्के, महाराष्ट्रात ९.३५ टक्के. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी तुरुंगांचा अहवाल काढतो आणि त्यात कच्च्या कैद्यांची प्रवर्गानुसार मोजदाद असते. मुलांना राज्याराज्यांचे आकडे काढून शेजारी शेजारी मांडू दे. फरक त्यांनी शोधलेला असला की तो लक्षात राहतो. त्यावरून जामिनाकडे जा. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार आणि रक्कम नसते, म्हणून माणूस आतच राहतो. २६ नोव्हेंबर २०२२ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात हेच बोलल्या, लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून, समोर न्यायमूर्ती बसलेले असताना. संथाळ घरातून आलेली बाई देशाच्या सर्वोच्च पदावरून ते बोलली, यातलं महत्त्व मुलांना वेगळं सांगायला नको.

चौथा तास वर्गाबाहेर ने. कोर्ट उघडं असतं, काही अपवाद सोडले तर कोणीही जाऊन मागे बसू शकतं. आधी पत्र दे, न्यायाधीशांची परवानगी घे, वीसच मुलं ने. तारखा पडताना बघू दे. भिंतीला टेकून बसलेली माणसं किती वाजता घरून निघाली असतील याचा अंदाज बांधू दे. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय त्याच आवारात असतं, तिथेही डोकाव. आणि गावातल्या वनहक्क समितीच्या अध्यक्षांना शाळेत बोलाव. जाण्यायेण्याचं भाडं दे, व्यासपीठावर खुर्ची दे, 'आदरणीय' म्हणून ओळख करून दे. वकिलांना देतो तसंच.

मुख्याध्यापक कुरकुरतील. 'कशाला नसत्या वादात पडता, मॅडम?' भांडू नकोस. निकालपत्रं, कायद्याची पुस्तिका, अहवाल, सगळं सरकारी कागदपत्र आहे हे टेबलावर ठेव. आपण मत शिकवत नाही, वाचायला शिकवतो. वर्गात माझं-तुझं मत किती कमी येईल तेवढा तुझा तास भक्कम.

आणि शेवटी, परीक्षेत येवो न येवो, पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात हे लिही आणि वर्षभर पुसू देऊ नकोस. अटक झाल्यावर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेलं पाहिजे. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. अनुसूचित जातीजमातींच्या कोणाही व्यक्तीला, कोणाही स्त्रीला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. त्यासाठीचा फोन नंबर आहे १५१००. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून तो पाठ करून घे, आणि घरी जाऊन सांगायला लाव.